दोह्याहून सुटलेल्या दोन पेट्या

१

फोटोत फक्त एक हात होता. कोपरापासून मनगटापर्यंतचा. कातडी काळी पडलेली आणि आतल्या बाजूला जुनं, हिरवट गोंदण.

फोटो इटलीच्या दूतावासातल्या एका ओळखीच्या बाईंनी पाठवला होता. सोबत विचारलं होतं, ‘ही लिपी तुमच्याकडची वाटते. वाचता येते का?’

नीता टिपणीसने तव्याखालचा गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि फोटो मोठा करून पाहिला. अक्षरं देवनागरीच होती. जत्रेत गोंदवून घेतात तशी वाकडीतिकडी, पण स्पष्ट. ‘बायडा’.

हे नाव तिने स्वतः एका फॉर्मवर लिहिलं होतं.

नीता मूळची नाशिकची. लग्नाआधी तिकडच्या कोर्टात वकिली करायची. नवरा विजय गॅस कंपनीत लागला, बिऱ्हाड कतारला आलं आणि ती सनद कपाटात गेली. दोह्यात अल दुहैलच्या घरात बसून राहणं तिला जमलं नाही. कतारमध्ये कुणी आपला माणूस मेला की त्याला घरी पोचवायचं काम ती करू लागली. शवागार, पोलीस, दूतावास, विमानाचं कार्गो, गावाकडची ॲम्ब्युलन्स, असं सगळं जुळवून द्यायचं. लेबर कॅम्पातल्या माणसांकडे तिचा नंबर असायचा. ‘नीताताईंना फोन लाव’ म्हटलं की काय झालंय ते सगळ्यांना कळायचं.

पोपटराव बंडगरलाही तिनेच पाठवलं होतं. सांगोल्याकडच्या खवसवाडीचा वेल्डर. झोपेतच हृदय बंद पडलं. बायकोचं नाव बायडाबाई. पेटी गावात पोचली, दहन झालं, दहावं-तेरावंही उरकलं. असं असताना त्याचा हात या फोटोत कसा?

तिने बाईंना फोन लावला.

“हा फोटो कुठला?”

“सिसिलीतला. दोह्याहून मारिओ सेरा नावाच्या म्हाताऱ्याची पेटी गेली होती. मुशैरिबमध्ये आइस्क्रीमचं दुकान होतं त्याचं. तो मेल्यावर मुलीने तिकडे कबूल केलं की वडिलांचं खरं नाव रोझारिओ पेत्रांका.”

“म्हणजे कोण?”

“माफियाचा माणूस. मोंतेफरो नावाच्या गावचा. वीसेक वर्षं तिथले पोलीस त्याला शोधत होते. म्हणून पुरण्याआधी खात्री करायला पेटी उघडली, तर आत दुसराच माणूस.” मग बाईंनीच विचारलं, “हा जर तुमचा माणूस असेल, तर आमचा कुठे आहे?”

नीताला उत्तर माहीत होतं. सिसिलीचा माफिया खवसवाडीच्या स्मशानात जळून गेला होता, आणि त्याची राख माण नदीत सोडली होती.

२

“आई, व्हॉट हॅपन्ड? पोळी करपली ना.” नुपूर दारात उभी होती.

“तू जेवून घे. मला एक फोन करायचाय.”

असे फोन नीताने खूप केले होते. ‘तुमचा माणूस गेला’ हे कसं सांगायचं ते तिला सवयीने जमायचं. पण ‘तुम्ही जाळलात तो तुमचा माणूस नव्हता’ हे कसं सांगतात? तिने सरळच सांगितलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मला वाटलंच व्हतं,” बायडाबाई म्हणाली.

“म्हणजे?”

“राख सावडाय गेलो तवा मांडीच्या जागंला लोखंडाची कांब घावली. लांबडी, आटे पाडल्याली. म्या म्हनलं, ह्येंच्या मांडीत असलं काय न्हवतं. तर दीर म्हनला, पेटीची आसंल. पेटी तर आंगणातच ऱ्हायली व्हती की. पर बाईमाणसाचं ऐकतंय कोण?”

“ती कांब आहे अजून?”

“ठिवलीया. टाकू वाटंना.”

“बायडाबाई, तोंड पाहिलं नव्हतंत तुम्ही?”

“कुठलं? आंबुलन्सवाला म्हनला, पडताना तोंड भाजलंय, बाया-माणसांना दावू नका. गुंडाळलेलंच नेलं.”

पोपटरावचा चेहरा तिने स्वतः पाहिला होता. भाजल्याची साधी खूणही त्यावर नव्हती. झोपेत गेलेला माणूस पडेल कशाला?

“ताई,” बायडाबाईचा आवाज आता बदलला होता. “मंग ह्ये हायती कुठं? येकलंच पडल्यात का तिकडं?”

“मी आणते त्यांना.”

बोलून गेल्यावर नीताच्या लक्षात आलं, की ते तिच्या हातात नव्हतं. संध्याकाळी दूतावासातल्या बाईंनी तेच सांगितलं. इटलीच्या पोलिसांना वाटत होतं, पेत्रांका मेलाच नाही. कुणा मजुराचं प्रेत आपल्या नावाने पाठवून म्हाताऱ्याने पुन्हा गुंगारा दिला. पेट्या कुणी बदलल्या आणि का, हे कळेपर्यंत पोपटरावची पेटी ते हलवू देणार नव्हते.

३

नसरुद्दीन शवागारात प्रेतं धुवून पेटीत ठेवायचं काम करायचा. हैदराबादचा, शांत, कमी बोलणारा. नीताने हिंदीत विचारलं आणि त्यानेही हिंदीतच सांगितलं.

“दोघांनाही मीच ठेवलं, मॅडम. तो वेल्डर भरदार होता, हातावर नाव होतं. म्हातारा काटकुळा. चूक होणं शक्य नाही. झाकणं ठोकली तेव्हा ज्याचा तो ज्याच्या त्याच्या पेटीत होता.”

“पेट्या दिसायला वेगळ्या होत्या?”

“नाही ना. त्याचंच नवल वाटलं मला. गोऱ्यांच्या पेट्या पॉलिशच्या असतात, पितळी कड्यांच्या. या म्हाताऱ्याच्या माणसाने साधी प्लायवूडची मागितली. म्हणाला, मालकाचीच इच्छा होती. तुमच्या लोकांची असते तशीच.”

तिथून ती काशिफकडे गेली. तो कार्गोचा एजंट, कराचीचा. तिला ‘बाजी’ म्हणायचा. बातमी ऐकून तो पांढराफटक पडला.

“बाजी, अल्लाची शपथ, कागद मी माझ्या हाताने चिकटवले. नसरुद्दीनने बोट दाखवलं, ही इंडियाची, ही इटलीची. मग मी शिक्का आणायला आत गेलो.”

“कागद ओला होता?”

“डिंक नुकताच लावला होता. कुणी काढून बदलला असता तर कळलंही नसतं.”

“तू आत गेलास तेव्हा पेट्यांपाशी कोण होतं?”

“दोघंच. म्हाताऱ्याच्या दुकानाचा मॅनेजर मधु, आणि तुमचा धनाजी.”

“आणखी कुणी?”

“कुणी नाही. नसरुद्दीन तर बोट दाखवून लगेच आत गेला होता.” काशिफ थोडा घुटमळला. “बाजी, दोन्ही पेट्या एका दिवशी जायच्याच नव्हत्या. इंडियाची आदल्या दिवशी जाणार होती. तुम्हीच फोन करून थांबवलीत. तुमचा कसला तरी वाईट दिवस होता म्हणे.”

नीताला आठवलं. धनाजीने हात जोडून सांगितलं होतं, ‘उद्या अमावस्या हाय ताई, गावाकडं चालायचं न्हाई, परवा पाठवा.’ तिने ते खरं धरून काशिफला कळवलं होतं.

म्हणजे संशयाच्या फेऱ्यात दोनच माणसं उरत होती. त्यातला एक पोपटरावचा भाऊबंद म्हणावा इतका जवळचा.

४

धनाजी मेटकरी खवसवाडीचाच. एका कंपनीची बस चालवायचा. पोपटरावला कतारला आणणारा तोच. दोघं एकाच खोलीत राहिले, एकाच ताटात जेवले. शवागारात चेहरा ओळखायलाही तोच आला होता.

नीताने त्याला त्याच्या कंपनीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत गाठलं. फोटो दाखवला. त्याने हात पाहिला आणि खाली मान घातली.

“पोपट्याच हाय.”

“कसं झालं असेल, धनाजीभाऊ?”

“त्या काशिफचा घोटाळा. घाईचं काम आसतं त्यांचं.”

“तुम्ही तिथेच होतात ना पेट्यांजवळ?”

“व्हतो की. पर माझं ध्यान कुठं हाय? रडत व्हतो म्या.”

“तो मॅनेजर, मधु? त्याने काही केलं असेल?”

“त्येला म्या काय वळखत न्हाई, ताई. त्या इटलीवाल्या म्हाताऱ्याला बी कधी बघितलं न्हाई. आपला काय संबंध?” त्याने गळ्यातल्या रुमालाने तोंड पुसलं. “झालं त्ये झालं. बायडावैनीनं दिवस घातलं, समदं रीतीनं झालं. आता उकरून काय घावणार? बास्ता.”

“पोपटराव तिकडे थंडगार खोलीत पडलाय, भाऊ.”

बसची वेळ झाली म्हणून धनाजी उठला. जाताना त्याला बसच्या दाराची कडी दोनदा ओढावी लागली.

नीताला वाटलं, दुःखाने असेल.

५

मुशैरिबच्या एका गल्लीत सेराचं आइस्क्रीमचं दुकान अजून चालू होतं. काउंटरमागे मधु होता. त्रिशूरचा, पन्नाशीचा, म्हाताऱ्यापाशी पहिल्यापासून असलेला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्याने नीतापुढे पिस्त्याचं आइस्क्रीम ठेवलं आणि समोर बसला.

“मॅडम, माफिया-बिफिया मला आता कळतंय. आमच्यासाठी ते सर होते. सकाळी स्वतः दूध आटवायचे. लंगडत चालायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, गाढवावरून पडलो.”

“कुठल्या पायाने लंगडायचे?”

“उजव्या. मांडीत सळई होती. थंडीत दुखायची.”

बायडाबाईची कांब. नीताने चमचा खाली ठेवला. असल्या सळईवर नंबर कोरलेला असतो आणि दवाखान्यात त्याची नोंद असते. तो जुळला तर म्हातारा खरोखर मेला, हे तरी सिद्ध होणार होतं.

“स्वभावाने कसे होते?”

मधुने विचार केला. “चांगले होते, असं सांगायला हवं. कुणाच्या अडीअडचणीला धावून जायचे. पण गंमत सांगू? केलेला उपकार ते विसरत नसत. वर्षांनी एक दिवस सहज काहीतरी मागायचे, आणि समोरच्याला नाही म्हणता येत नसे. आणि ते काय मागणार, हे आधी कुणालाच माहीत नसायचं. मी स्वतः दोनदा गावी जायचा राहिलो. कुणी वाद घातला की हात आडवा करून म्हणायचे, बास्ता. म्हणजे पुरे, संपलं. दुकानातल्या सगळ्यांच्या तोंडी तो शब्द बसलाय.”

दोह्यात आपली माणसं ‘खलास’ म्हणतात. गावाकडे ‘बास’ म्हणतात. धनाजी कुठून ‘बास्ता’ शिकला?

“ते साध्या पेटीचं काय?” तिने विचारलं.

“सरांनीच सांगून ठेवलं होतं. मजुरांची असते तशी हवी. मला वाटलं, शेवटी साधेपणा आठवला असेल.”

“सहीशिक्क्याच्या वेळी पेट्यांपाशी कोण होतं?”

“मी होतो. मग सरांच्या मुलीचा फोन आला, तो घ्यायला बाहेर गेलो. काशिफ शिक्का आणायला गेला. तिथे दानी एकटाच थांबला होता.”

“कोण दानी?”

“सरांचा शुक्रवारचा ड्रायव्हर. सर दर शुक्रवारी अल रुवैसला मासळी घ्यायला जायचे. दानी त्यांना न्यायचा. त्याला बाहेरचं काम करायची परवानगी नव्हती, म्हणून गुपचूप असायचं. तुमच्याच बाजूचा आहे, मॅडम. त्या दिवशी फार रडला बिचारा. मला वाटलं, सरांसाठी रडतोय.”

“आणि धनाजी? दुसऱ्या पेटीबरोबर आलेला?”

मधुने गोंधळून मान हलवली. “दुसरं कुणीच नव्हतं, मॅडम. मी आणि दानी, दोघंच.”

६

काशिफच्या सांगण्यात मधु आणि धनाजी. मधुच्या सांगण्यात तो आणि दानी. माणसं दोनच होती.

नीता गाडीत येऊन बसली, पण गाडी चालू केली नाही. एक गोष्ट आणखी तपासायची होती. तिने मुंबई विमानतळावरून पेटी नेणाऱ्या ॲम्ब्युलन्सवाल्याला फोन लावला. हे काम तो तिच्यासाठी नेहमी करायचा. अमान त्याचं नाव.

“अमानभाई, खवसवाडीच्या पेटीच्या वेळी चेहरा दाखवू नका असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्याच ऑफिसातून फोन आला होता ना, ताई. दोह्याचा नंबर. मराठी माणूस होता. गावाकडचं बोलत होता. म्हणाला, घरच्यांना फार सांगत बसू नका, पडताना तोंड भाजलंय, एवढंच सांगा.”

तिचं काही ऑफिस नव्हतं. आणि अमानचा नंबर तिने दोघांनाच दिला होता, काशिफला आणि धनाजीला. काशिफला मराठीचं अक्षर येत नव्हतं. धनाजीने स्वतः घरी सांगितलं नाही, कारण आवाज ओळखला असता आणि बायडावैनीने प्रश्न विचारले असते.

घरी आल्यावर तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पाहिलं. धनाजीने सांगितलेल्या दिवशी अमावस्या नव्हती. ती केव्हाच होऊन गेली होती. इटलीचे कागद लांबल्यामुळे म्हाताऱ्याची पेटी शवागारात अडकून पडली होती. ती ज्या दिवशी निघणार, त्याच दिवशी पोपटरावची निघावी, एवढ्यासाठी ती थाप होती.

विजय शेजारी येऊन उभा राहिला. तिने सगळं सांगितलं.

“कसं केलं ते कळलं,” तो म्हणाला. “पण का? स्वतःच्या मित्राला परक्या मुलखात धाडायचं, असं काय अडलं होतं?”

“तेच कळत नाही. म्हाताऱ्याचा फायदा काय? मेल्यावर पोलिसांना फसवून काय मिळणार?”

“मुलीकडे पुरलं असतं, तर बिघडलं काय असतं?”

नीता बोलता बोलता थांबली. पुरलं असतं. तिकडे पुरतात. इथेही परक्यांना पुरतातच. दोह्यात प्रेत जाळायची सोय नाही. घरचे पुरणारच असतील आणि मेलेल्याला आग हवी असेल, तर त्याला एकच वाट होती. हिंदू म्हणून भारतात जायचं.

“त्याला पुरून घ्यायचं नव्हतं,” ती म्हणाली. “त्याला जळायचं होतं.”

७

शुक्रवारी दुपारी ती अल रुवैसच्या बंदरावर गेली. धनाजी तिथे असेल असा तिचा अंदाज होता, आणि तो होता. सवयीने येऊन बसला होता. मासळीचा बाजार उठला होता, लाकडी होड्या धक्क्याला लागल्या होत्या. ती शेजारी बसली.

“दानी म्हणायचे ना ते तुम्हाला?”

धनाजीने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“मधुनं सांगितलं?”

“त्याला काही माहीत नाही. तुम्ही सांगा.”

पाण्याकडे बघत तो बोलायला लागला आणि थांबलाच नाही.

“ह्याच रस्त्यावर झालं, ताई. म्हातारा माघं बसल्याला. माझा डोळा लागला आन समोरच्या गाडीला धडक दिली. त्यातल्या माणसाचा पाय गेला. बाहेरचं काम करताना घावलो असतो, तर माझं काय झालं असतं तुमाला ठावं. म्हाताऱ्यानं मला ढकलून बाजूच्या शीटवर घातलं, सोता लंगडत जाऊन चाकामागं बसला. पोलिसांना म्हनला, मी चालवत व्हतो. कोठडीत ऱ्हायला. मशीनवर बोटाचं ठसं दिलं. ज्या माणसाला सगळी दुनिया हुडकत व्हती, त्यानं माझ्यासाठी ठसं दिलं. ह्ये मला आत्ता कळतंय.”

“मग एक दिवस त्यांनी मागितलं.”

“हितंच बसून. म्हनला, दानी, तुमच्यात बरं हाय. जाळलं की संपलं. पोरगी काय मला जाळायची न्हाई, मी गावी गेलो तर माझ्या नावाचा दगड हुबा ऱ्हाणार. त्याच मसणवाटीत म्या धाडल्याली माणसं हायत, माझा सख्खा भाऊ बी हाय. त्यांच्या बायका येऊन थुंकतील. थुंकाय जागाच ठिवू नगं. मला तुमच्यातल्यागत जाळ.”

“तुम्ही हो म्हणालात.”

“न्हाई कसं म्हणू? म्हनलं, कसं जमायचं? तर म्हनला, तुमची माणसं मरत्यातच की हितं. येखादा घावंल.” धनाजी नीताकडे वळला. “म्या काय पोपट्या मरंल म्हणून हो म्हनलो का? अनोळखी कुणीतरी आसंल, आसं वाटलं व्हतं. म्हातारा गेला, आन आठवड्यात पोपट्या. दुसरा कुणीच न्हवता. दिलेला शबुद डोक्यावर बसला. वाटलं, तिकडं संगमरवरात ठिवतील त्येला, राजावानी. हिकडं वैनी दिवस घालंल. कुणाचं काय बिघडतंय?”

नीताला संताप आला, पण तो धनाजीवर कमी आणि त्या कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्यावर जास्त. दूध आटवून, लोकांना मदत करून, म्हातारपण सज्जनासारखं काढलं. आणि शेवटी जाताना ‘येखादा घावंल’ म्हणून एक मजूर वापरला. कुणा बाईचा नवरा असेल तो, हे त्याच्या मनातही आलं नाही.

“तुम्ही खरं सांगितल्याशिवाय ते पोपटरावला सोडणार नाहीत,” ती म्हणाली. “मी वकील शोधून देईन. पण शिक्षा होईल, भाऊ. नोकरी जाईल. परत येता येणार नाही इकडे.”

“वैनीला ठावं हाय?”

“अजून नाही.”

तो उठला. पायजम्यावरची वाळू झाडली.

“चला मंग,” तो म्हणाला. “तिला फोन मीच करतो आधी.”

फोन त्याने धक्क्याच्या टोकाला जाऊन केला. काय बोलणं झालं ते नीताने विचारलं नाही. आल्यावर तो एवढंच म्हणाला, “शिव्या दिल्या आसत्या तरी बरं वाटलं आसतं.”

८

सळईवरचा नंबर सिसिलीत पालेर्मोच्या दवाखान्यातल्या नोंदीशी जुळला. धनाजीचा जबाब झाला. इटलीच्या पोलिसांनी पेत्रांकाची फाइल बंद केली आणि पोपटराव बंडगरची पेटी निघाली. ती दोह्यावरूनच जाणार होती. या वेळी नीता पेटीबरोबर स्वतः गेली.

खवसवाडीत सगळा गाव जमला होता. अंगणात झाकण काढलं. बायडाबाई पुढे आली, बाही वर करून गोंदण पाहिलं, मग चेहरा पाहिला. कपाळावरून हात फिरवला. बाया तिला धरायला सरसावल्या, पण धरायची वेळ आली नाही. ती रडलीच नाही. चिता पेटली, माणसं परतली, तरी तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. बाया आपसात कुजबुजायला लागल्या.

संध्याकाळी नीता तिच्याजवळ जाऊन बसली.

“रडू का ईना म्हणत्यात सगळ्या,” बायडाबाई म्हणाली. “कुठनं आणू? सगळं तवाच रडून झालं. त्या परक्याच्या चितंवर डोकं आपटून घेतलं म्या. माझ्या माणसाचं रडणं त्यो म्हातारा घिऊन गेला.”



हिवाळ्यात कार्मेलाचा फोन आला. पेत्रांकाची मुलगी. मोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, वडील जिथे आहेत ती जागा पाहता येईल का. नीताने बायडाबाईला विचारलं. ती म्हणाली, “यिऊ दे. बाप कसा बी आसला तरी तिचा हाय.”

नीता सुट्टीवर नाशिकला आली होती, तीच कार्मेलाला घेऊन गेली. चाळिशीची, काळे कपडे घातलेली, वाटभर न बोललेली बाई. बायडाबाई तिला माणच्या पात्रात घेऊन गेली. पाणी आटलं होतं. नुसती वाळू, मधे एकदोन डबकी, पलीकडे बाभळी.

“कुठे?” कार्मेलाने विचारलं. “नेमकी जागा?”

नीताने तो प्रश्न मराठीत विचारला. बायडाबाईने हात लांब करून एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत सगळी नदी दाखवली.

कार्मेला आजूबाजूला बघत राहिली. आणलेली फुलं कुठे ठेवावीत ते तिला कळेना. फुलं तशीच हातात घेऊन ती वाळूत खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. अगदी गावच्या बाया रडतात तशी, हेल काढून, बापाला हाका मारत. भाषा कळत नव्हती, पण हाक कळत होती.

बायडाबाई जरा वेळ उभी होती. मग तिने पदर सावरला, कार्मेलाच्या शेजारी बसली आणि पोपटरावसाठी रडली.